प्रकाशाची पिशवी आणि बेसबॉलचे कागद

बाकीच्या बायकांचे नवरे काय काय लपवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी ब्लाउज शिवते. मापाची टेप गळ्यात घालून उभी राहिले की अर्ध्या रनाळे गावाच्या घरातल्या गोष्टी आपोआप कानावर येतात. कुणाचा नवरा तंबाखूची पुडी लपवतो, कुणाचा मोबाइल पालथा ठेवतो. आमचे हे मात्र कागद लपवतात. तेही बेसबॉलचे!

बेसबॉल म्हटलं की समोरची बाई आधी माझ्याकडे बघते, मग हसते. हसा बाई. मीही लग्न होऊन आले तेव्हा हसले होते. पण खोटं नाही सांगत, रनाळ्यात चार वर्षं बेसबॉलचा संघ होता. सत्त्याऐंशी साली हायस्कुलात फुलसिंग सर आले, धडगावकडचे, पीटीचे मास्तर. त्यांनी सोबत एक बॅट, दोन हातमोजे आणि नियमांचं एक पुस्तक आणलं. बाकीचं सामान गावानं जमवलं. मोचीबाबांनी जुन्या चामडी बॅगा फाडून हातमोजे शिवले, सुतारानं बाभळीची बॅट घडवली. ती इतकी जड की फिरवणारा पोरगा स्वतःच गिरकी घेऊन बसायचा. खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून बेस केले. मारुतीच्या देवळामागं सराव चालायचा, म्हणून नाव पडलं जय बजरंग बेसबॉल संघ.

संघात खेळणारे नऊ. दहावा राखीव. तो राखीव म्हणजे आमचे हे, चुडामण. चार वर्षांत कुणाचा पाय मुरगळला नाही, कुणाला ताप आला नाही, कुणाच्या मावशीचं लग्नसुद्धा सामन्याच्या दिवशी निघालं नाही. ह्यांची पाळी काही आली नाही. मी कधी चिडवलं की ऐटीत सांगतात, "राखीव खेळाडू बी खेळाडूच ऱ्हास." बरं बाबा, असेल.

त्यांचा धंदा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. जुन्या स्कूटीच्या पायाशी हत्यारांची पेटी, मागं रबरी नळ्यांची वेटोळी, आणि दिवसाला दोन-तीन गावं. बर्नर साफ कर, खटका बदल, नळी बदल. काम थेट स्वयंपाकघरात, आणि आमच्याकडं देवघरही बहुतेक तिथंच, ओट्याच्या बाजूला. तिथंच त्यांना तो नाद लागला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात देवाचं चित्र असलेला कागद कुणी रद्दीत टाकत नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती, गेल्या सालचं कॅलेंडर, उदबत्तीचा पुडा, तडा गेलेली तसबीर, सगळं एका कापडी पिशवीत जातं. पिशवी देवघराजवळच्या खिळ्याला. कधी प्रकाशा तीर्थाला गेलं की तिथं तापी नदीत सोडायची. आणि प्रकाशाला जाणं होतंय कधी? आज कापूस वेचायचाय, उद्या सोयरे आलेत, परवा पाय दुखतोय. पिशवी फुगत जाते, दुसरी पिशवी लागते. काही घरांत सासूची पिशवी सुनेच्या सुनेपर्यंत टिकली आहे.

त्या काळी छापखान्यातून जे काही निघायचं त्याच्या माथ्यावर मारुती नाहीतर गणपती असायचाच. बेसबॉलच्या सामन्याचं हँडबिल असलं तरी वर 'श्री मारुती प्रसन्न' आणि गदा घेतलेला मारुतराया. दुसरीकडं असतं तर ते कागद भजी गुंडाळून कधीच संपले असते. आमच्याकडं मारुतीनं ते तीस-तीस वर्षं खिळ्याला टांगून जपले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी हे तापीबाईंच्या घरी शेगडी उघडून बसले होते. हात लागून पिशवी खाली पडली. कागद गोळा करताना एक हिरवं हँडबिल हाती आलं. एकोणनव्वद सालचं. 'भव्य बेसबॉल सामना'. खाली नऊ नावं, आणि सगळ्यांत शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'राखीव : चुडामण'. माणसानं शेगडी तशीच उघडी टाकली आणि कागद घेऊन घरी आला. तापीबाईंनी त्या दिवशी चुलीवर भाकरी केल्या आणि ह्यांना जे काही म्हटलं ते मी इथं सांगत नाही.

झालं. त्यानंतर प्रत्येक घरी शेगडी दुरुस्त झाली की हे देवघराकडं बघून हळूच म्हणायचे, "काकू, पिशवी भरली वाटतं. मी सोमवारी प्रकाशाला जातोय, द्या, सोडून येतो." बायका धन्य व्हायच्या. काय गुणाचा माणूस! मला बाजारात थांबवून सांगायच्या, "प्रतिभा, नशीबवान शेस तू." मी मान डोलवायची. घरी हे पिशवी उपडी करून बसायचे. देव एका बाजूला, बेसबॉल एका बाजूला. देव खरोखर प्रकाशाला जायचे, अगदी नेमानं, सोमवार चुकवला नाही. बेसबॉल मात्र आमच्याकडंच राहायचा.

"ही फसवणूक शे," मी म्हटलं.

"फसवणूक कसानी? देव पोचाडस ना मी!"

"आणि त्या मारुतीच्या खाली जे छापलंय त्याचं काय?"

"ते मारुतीनं माले दिधं," म्हणे.

असल्या माणसाशी काय वाद घालायचा! त्यांच्याकडं आज त्रेचाळीस हँडबिलं आहेत. फुलसिंग सरांच्या हातचे प्रवेश अर्ज आहेत. एसटीच्या सवलतीसाठी हेडमास्तरांनी दिलेलं पत्र आहे. शहाद्याच्या सामन्याचा गुणतक्ता चहाच्या हॉटेलाच्या पावतीमागं लिहिलेला आहे, त्यावर बशीचा गोल डाग आहे, आणि हे म्हणतात डाग पुसायचा नाही, तो त्या दिवसाचाच आहे. सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत, माझ्या लग्नातल्या पेटीत. माझा शालू बाहेर काढला आणि बेसबॉल आत ठेवला! त्यावरून मी दोन दिवस स्वयंपाक नाही केला. हे शेगडीवाले, स्वतःच खिचडी करून खाल्ली.

त्या पेटीच्या तळाशी एक कागद वेगळा ठेवलेला होता, फडक्यात गुंडाळून. तो जमनाबाईंचा.

जमनाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आता ब्याऐंशीच्या आहेत. तीन लेकरं पाळण्यातच गेली, चौथा जगला, त्याचं नाव भिला ठेवलं. भीक मागून आणलेला, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर नको. भिला आणि हे एका वर्गात. भिला संघाचा पिचर, आणि बॉल असा टाकायचा म्हणे की बॅटवाल्याला फक्त वारा लागायचा. हे राखीव. भिला ह्यांना प्रत्येक सामन्याआधी म्हणायचा, "चुडामण, आज मी दुखणं काढस, तू खेळ." आणि ऐन वेळी खेळायला उतरायचा स्वतःच. हे सांगताना हे अजून हसतात.

त्र्याण्णव साली विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून भिला गेला. तेविसावं चालू होतं. त्याच्या वडिलांना ते सोसवलं नाही. दहाव्याला प्रकाशाला गेले तेव्हा भिलाचं जे जे घरात होतं, कपडे, वह्या, दाखले, फोटो, सगळं गाठोडं बांधून तापीत सोडून आले. राहिला तो एकच कागद. एक्क्याण्णव साली संघ जिल्ह्यात पहिला आला होता, तेव्हा आपला जिल्हा धुळेच, त्या सत्काराचं गुलाबी हँडबिल. वर मारुती, खाली संघाचा छापलेला फोटो. जमनाबाईंनी तो साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून कडेनं निळ्या दोऱ्यानं टाचला होता आणि देवांमध्ये उभा केला होता. देवांतला कागद वडिलांनी उचलला नाही.

त्या फोटोत हे नाहीत. म्हणजे आहेत, पण कोपरापुरते. कडेला उभे होते आणि छापखान्यात फोटो कापताना कोपर सोडून हे कापले गेले. उजव्या टोकाला भिला, आणि त्याला चिकटून आमच्यांचं कोपर. बस, एवढंच.

आठ वर्षांपूर्वी जमनाबाईंनी पिशवीसोबत तोच पुठ्ठा ह्यांच्या हाती दिला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनला घाबरायच्या. म्हणाल्या, आता दिसत तर काहीच नाही, आणि मी मेल्यावर हा कागद रद्दीत जाईल, मारुतीवर आणि माझ्या भिलावर कुणाचा पाय पडेल. तू त्याचा दोस्त. तुझ्या हातानं मधल्या धारेत सोड. ह्यांनी तापीची शपथ घेतली. संध्याकाळी परत आले, जमनाबाईंच्या दारात उभं राहून म्हणाले, "सोडी दिधा माय." आणि घरी येऊन पुठ्ठा पेटीच्या तळाशी ठेवला.

मी तेव्हा खूप बोलले. बाकीच्यांचे कागद वेगळे, ह्या बाईचा वेगळा. थोड्या दिवसांनी हे मात्र पुठ्ठा काढून मला दाखवायला लागले. त्यांच्या त्या कोपरावर कुंकवाचा मोठा लाल ठिपका होता. "देख, दहा जणांमा टिळा फक्त माले शे," म्हणे. कुंकू सांडलं असेल पिशवीत, मी म्हटलं आणि विसरले.

यंदा थंडीत जमनाबाईंची लेक, भिलाच्या पाठची रुपा, सुरतेहून आली आणि आईला जवळजवळ उचलूनच नंदुरबारला घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. महिन्याभरात म्हातारी काळा चष्मा काढून गावभर फिरायला लागली आणि गावाची पंचाईत झाली. कुणाच्या ओट्यावर झाडू फिरलेला नाही, कुणाची भाकरी जळली, सगळं तिला दिसायला लागलं. आमच्याकडं आल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "प्रतिभा, तुन्हा केस पिकी गयात ना वं! मी तं तुले अजून नवी नवरीच समजू."

"माय, ऑपरेशन नव्हतं करायचं तुम्ही," मी म्हटलं. दोघी हसलो. मी चहा टाकला. हे कोपऱ्यात बसून एक बर्नर घासत होते.

चहा पिता पिता जमनाबाईंनी मध्येच कप खाली ठेवला.

"आते माले समदं दखास," म्हणाल्या. "सुईमा दोरा घालस मी. पन भिलाचं तोंड आठवत नही वं. नाक कसं व्हतं, आठवत नही. एक कागद व्हता, तो बी मीच पानीमा सोडी दिधा. आठ वरीस थांबनू असतू तं आज देखाले मिळता." आणि पदर डोळ्यांना लावला. रुपानं डोळ्यांना पाणी लावू नको सांगितलं होतं, ते तिला त्या वेळी कुठं आठवणार!

मी ह्यांच्याकडं बघितलं. बर्नर घासायचा हात थांबला होता. मान वर नाही.

जमनाबाई गेल्या तशी मी दार लावलं. "काढा पेटी."

"काय तोंड दखाडू मी?" ते म्हणाले. "तापीनी शप्पथ लिधी व्हती. गाव म्हणी, आजवर कितल्या पिशव्या दिध्यात ह्याले, समद्यांमाईन चोरी करे हाऊ."

"म्हणेल. म्हणू द्या."

मग त्यांना युक्ती सुचली. उठले, पुठ्ठा काढला, आणि माझी शिवणाची कात्री घेतली. म्हणे, हा निळा दोरा कापून टाकतो, कागद सुटा करतो, आणि सांगतो की सारंगखेड्याला एका घरी दुसरी प्रत सापडली. मायला फोटो मिळेल, आपली अब्रू राहील. बाभळीच्या बॅटीसारखं जड डोकं! ती कात्री दोऱ्याला लागणार तोच मी त्यांचं मनगट धरलं.

"तिच्या हातची शिवण आहे ती," मी म्हटलं. "डोळे होते तेव्हा घातलेली. मी शिवणारी आहे, मला कळतं एकेका टाक्याला काय लागतं. एक टाका कापलात तर मी माहेरी जाईन, आणि ह्या खेपेला खरंच जाईन."

त्यांनी कात्री खाली ठेवली. डोक्यावरून हात फिरवला, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल मग. तू बी चल."

जमनाबाई ओट्यावर उन्हात सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. एकेक खडा बोटांत धरून बघायच्या आणि खुशीत बाजूला टाकायच्या. हे समोर उभे राहिले. मला वाटलं आता प्रस्तावना करतील, घसा खाकरतील. त्यांनी सरळ सांगितलं.

"माय, मी तो कागद सोडा नही. खोटं बोलनू. मन्हापाशीच शे."

म्हातारीच्या हातातला खडा परत डाळीत पडला.

"तापीनी शप्पथ लिधी व्हती तू."

"हाव. गुडघाभर पानीमा उतरनू व्हतू. भिला मन्हाकडे देखी ऱ्हायना व्हता. मन्हा हातखाईन सुटना नही तो." आणि मग बाकीच्या पिशव्यांचंही सांगून टाकलं, न विचारता. मी कपाळाला हात लावला. माणूस बोलायला लागला की थांबत नाही.

मला वाटलं जमनाबाई सूपच फेकून मारतील. मारलं असतं तर मी आड आले नसते. मग त्या म्हणाल्या, "आजपासून कोन्ही पिशवी लिधी तं तिन्हा समोर उघडानी. जे पाहिजे ते मागी लेवानं. कबूल शे?" ह्यांनी मान हलवली. आता ते तसंच करतात. चार बायकांनी शिव्या दिल्या, दोघी अजून शेगडी दुसऱ्याकडून करून घेतात, आणि तापीबाईंनी तर स्वतः पिशवी उपडी करून म्हटलं, घे बाबा, शोध तुझा बेसबॉल.

"आन आते," जमनाबाई म्हणाल्या. हे धावत घरी जाऊन पुठ्ठा घेऊन आले, जमनाबाईंनी तो मांडीवर घेतला.

आधी त्यांनी निळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग उजव्या कडेला आल्या, सवयीनं, न बघता. बोट त्या लाल ठिपक्यावर थांबलं. मग डोळे बारीक करून वाकून बघितलं.

"हाऊ कोन शे? हाऊ तं भिला नही. हाई तं कोन्हं कोपर शे!"

"मन्हं शे माय," हे म्हणाले. "मी कडेले उभा व्हतू. मन्हं कोपरच उनं फोटोमा."

जमनाबाईंनी ठिपक्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि मग मला सांगितलं ते असं. भिलाचे वडील होते तोवर त्यांनी कागदाला कुंकू लावू दिलं नाही, पोरगा देव नव्हे म्हणायचे. ते गेल्यावर त्यांनी दर शनिवारी भिलाला टिळा लावायला सुरुवात केली. तोवर डोळे मावळले होते. काठाच्या शिवणीवर बोट ठेवायचं आणि अंदाजानं टिळा टेकवायचा. सात वर्षं. बोट नेमकं जवाच्या दाण्याएवढं खाली आणि बाहेर पडत होतं. भिलाचा टिळा दर शनिवारी आमच्यांच्या कोपराला लागत होता.

मला आधी हसू आलं. मग आलंच नाही.

भिलाच्या तोंडावर मात्र एकही डाग नव्हता. स्वच्छ होतं. जमनाबाईंनी पुठ्ठा उन्हात धरला. लहान ठिपक्या-ठिपक्यांचा चेहरा, पण नाक होतं, कान होते, बॅट खांद्यावर घेऊन हसतानाचे पुढचे दोन दात होते. म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. "बापसारखं शे नाक," म्हणाली. "मी आजवर मन्हासारखं समजू." आणि रडायला लागली, आणि मध्येच हसायला लागली, आणि मी डाळीचं सूप बाजूला सरकवून तिला धरून बसले.

"मी मरी गऊ का मग सोडा तापीमा," ती मला म्हणाली. "तू सोड. ह्याना हातमा देवानं नही." मी हो म्हटलं.

मग त्या उठल्या. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. जवळचं बघायचा चष्मा नाकावर नीट बसवला, करंगळीच्या टोकाला कुंकू घेतलं आणि भिलाच्या कपाळावर मोजून टेकवलं. एक केसभरही इकडं-तिकडं नाही. फुंकर घातली, बघितलं, मान डोलवली.

आमचे हे चप्पल शोधायला वळले होते. डोळे पुसत होते आणि मला ते दिसू नये म्हणून पाठ करून उभे होते.

"चुडामण," जमनाबाईंनी हाक मारली. "कोठे चालना? आठे ये. कोपर पुढे कर."

छप्पन वर्षांच्या माणसानं बाही वर सरकवली आणि कोपर पुढं केलं. म्हातारीनं त्याच करंगळीनं कोपरावर टिळा लावला, दाबून, मोठा. "सात वरीस तुले लायं," म्हणाली, "आते बंद कसाले करू? दर शनिवारी येत जाय."

त्या दिवशी ह्यांनी बाही खाली केलीच नाही. तसेच स्कूटीवर बसले, दोन गावं फिरले, चार शेगड्या दुरुस्त केल्या, आणि कुणी विचारलं तर सांगत होते की आज मी खेळलो.